भट्टीच्या भिंतीतला उतार

साखर कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी सगळे ज्वाळा पाहतात. माझं मन रमतं ते त्याआधी, थंड भट्टीत मॅनहोलमधून शिरून अस्तर पाहण्यात.

तोंडाशी जड फायरब्रिक, तिच्यामागे हलकी, सच्छिद्र इन्सुलेशन वीट, शेवटी पोलादी केसिंग. बगॅस जळताना आत 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास, बाहेर जेमतेम 60 ते 70. फायरब्रिक ज्वाळा आणि राख झेलते, पण तापमान खऱ्या अर्थाने उतरवते ती मागची ठिसूळ वीट. कामाची ही वाटणी मला फार सुंदर वाटते. ती नाजूकही आहे. इन्सुलेशन वाढवलं, तर फायरब्रिक पार मागेपर्यंत तापलेली राहते आणि राखेतल्या पोटॅशमुळे तिच्या तोंडावर होणारा काचेसारखा रस खोलवर मुरतो. चांगलं अस्तर थोडी उष्णता जाऊ देतं.

काही भागांत विटांऐवजी कास्टेबल, म्हणजे ओतून बसवलेलं उष्णतारोधक काँक्रीट, असतं. त्याला केसिंगशी धरून ठेवणाऱ्या स्टेनलेस अँकरच्या टोकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. तापल्यावर धातू कास्टेबलच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावतो. टोपी जळून जाते आणि तिच्या रिकाम्या जागेत टोक पसरतं. जळून जाण्यासाठीच बसवलेली एवढीशी वस्तू! ती विसरली, तर अँकरच्या टोकापासून भेग निघते. विटांमध्ये सिरॅमिक फायबर भरून ठेवलेल्या प्रसरण-फटींमागेही हाच विचार आहे. नवख्या डोळ्यांना त्या बांधकामातली चूक वाटतात.

ऐन गाळपात केसिंगचा रंग एखाद्या जागी करपतो, तेव्हा त्यावर बाहेरून रॉकवूल लपेटण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. पांघरूण घातलं की बाहेरून हात लावता येतो, पण आतला पत्रा आणि अँकरची मुळं आणखी तापतात; साधं पोलाद 400 ते 450 अंशांपुढे ताकद गमावू लागतं. ती जागा उघडी ठेवावी, तिच्यावर हवा सोडावी, लोड उतरवावा आणि बॉयलर बंद करून दुरुस्ती करावी.

तो भाग फोडताना मी आधी अँकर पाहतो. भट्टीकडचं टोक झिजून बारीक झालं असेल, तर अस्तर तोंडाकडून खचत आलं आहे. टोक शाबूत आणि केसिंगजवळचं मूळ जळालेलं असेल, तर गरम वायू कुठल्यातरी फटीतून अस्तरामागे शिरले आहेत. अशा वेळी नुसतं कास्टेबल भरण्याआधी ती फट शोधावी लागते, आणि ती बहुधा डागापासून लांब असते.