भास्कराचार्यांची उदाहरणे आणि उत्तराची परीक्षा

शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ची ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ ही दोन अंगे शेकडो वर्षे पाठ्यग्रंथ म्हणून अभ्यासिली गेली. चाळीसगावाजवळील पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ च्या सुमारास मठ स्थापिला, तो त्यांच्याच ग्रंथांच्या अध्ययनासाठी. या ग्रंथांतील उदाहरणांच्या रसाळपणाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे. तथापि त्या प्रशंसेत एक गृहीत दडलेले असते: गणित निराळे आणि कथा निराळी, कथा म्हणजे गणिताचे कडू औषध गोड करणारे अनुपान. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. कारण घरी सोडवावयास दिलेल्या शाब्दिक उदाहरणांकडे आजचा विद्यार्थीही याच दृष्टीने पाहतो.

प्रथम भूमितीतील दोन उदाहरणे घ्यावीत. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडतो व त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर भूमीला टेकतो. तर तो किती उंचीवर मोडला? दुसरे असे: ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे व खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे. २७ हातांवरून बिळाकडे येणाऱ्या सापावर मोर तिरपी झेप घेतो. दोघांची गती समान असेल, तर बिळापासून किती अंतरावर त्यांची गाठ पडेल? एकात वेळू, दुसऱ्यात मोर. परंतु दोहोंत काटकोन त्रिकोणाची एक बाजू दिली आहे आणि दुसरी बाजू व कर्ण यांची बेरीज दिली आहे. दिलेल्या बाजूच्या वर्गास त्या बेरजेने भागले की कर्ण व दुसरी बाजू यांतील अंतर मिळते: पहिल्यात ८, दुसऱ्यात ३. यावरून दोन्ही ठिकाणी उत्तर १२ हात येते.

येथे ‘लीलावती’तील एक उणीव दाखविणे प्राप्त आहे. वेळूसाठी एक सूत्र आणि मोरासाठी दुसरे, अशी तिची मांडणी आहे. सूत्र पाठ करणारा शिष्य वेळू दिसताच वेळूचे सूत्र लावील, आणि दोन्ही आकृतींतील ऐक्य त्याच्या दृष्टीस कधीच पडणार नाही. गृहपाठात आजही आढळणाऱ्या यांत्रिकपणाचे मूळ हेच होय. कथा न वाचता तिच्यातील आकडे वेचले जातात आणि जवळचे सूत्र त्यांवर चढविले जाते.

कथेचे खरे कार्य मात्र ‘बीजगणिता’तील वानरांच्या दोन उदाहरणांत प्रकट होते. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात क्रीडा करतो व उरलेले १२ वानर टेकडीवर दिसतात. वर्गसमीकरणाची उत्तरे ४८ व १६ येतात आणि आचार्य दोन्ही स्वीकारतात. दुसऱ्यात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत शिरतो व एक वानर बाहेर दिसतो. उत्तरे ५० व ५ येतात. परंतु ५ हे त्याज्य ठरविले आहे. बीजक्रियेत ५ मुळीच चुकत नाही: पंचमांश १, त्यातून ३ गेले की उणे २, त्याचा वर्ग ४, आणि बाहेरचा १ मिळवून ५. आक्षेप कथेतून येतो, कारण उणे दोन वानर कोणी पाहिलेले नाहीत.

दोन्ही समीकरणांची जात एक असून निर्णय भिन्न झाले, आणि तो भेद समीकरणाने केलेला नाही. कथेकडून समीकरणाकडे जाताना तिच्यातील अटी अक्षरांत उतरतात; परंतु सर्वच अटी उतरतात असे नाही. ज्या मागे राहतात त्यांच्यासाठी उत्तर घेऊन पुन्हा कथेकडे यावे लागते. म्हणून कथेला अनुपान म्हणणे अयथार्थ होय. ती उत्तराची कसोटी आहे.

विद्यार्थ्याच्या वहीत उत्तराखाली दोन रेघा ओढल्या की उदाहरण संपले असे मानण्याचा प्रघात आहे. भास्कराचार्यांच्या रीतीने पाहता त्या रेघांपाशी अर्धेच काम झालेले असते. आलेली संख्या वेळूला, मोराला वा वानरांना मानवते की नाही, हे विचारणे हाही उदाहरण सोडविण्याचाच भाग आहे, आणि त्यासाठी गुण राखून ठेवणे हे परीक्षकाचे कर्तव्य ठरते.