शुश्रूषा आणि साक्ष : फॅनी बर्नीच्या पत्रातील पतीचा परिच्छेद

इंग्रजी कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिच्या स्तनावर पॅरिस येथे ३० सप्टेंबर १८११ रोजी शस्त्रक्रिया झाली. या प्रसंगाचे वर्णन तिने आपली बहीण एस्थर हिला लिहिलेल्या दीर्घ पत्रात केले आहे. भूल देण्याचे शास्त्र तेव्हा अस्तित्वात नव्हते. ईथरचा यशस्वी जाहीर प्रयोग व्हावयास १८४६ साल उजाडावे लागले. रुग्णेने आपल्याच शब्दांत दिलेला इतका तपशीलवार वृत्तान्त विरळा असल्यामुळे या पत्राकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले, हे स्वाभाविकच आहे. तथापि बहुतेक विवेचनाचा रोख स्त्रीचे धैर्य, तिचा देह आणि वैद्यांची सत्ता यांवर राहिला. पत्राच्या उत्तरार्धात तिचा पती अलेक्झांद्र दार्ब्ले याने स्वहस्ते घातलेला एक परिच्छेद आहे. भावविवश पतीने मध्येच केलेला व्यत्यय म्हणून तो सहज ओलांडला जातो. वस्तुतः जोडीदाराच्या अशा आजारात दुसऱ्याने काय करावयाचे असते, या प्रश्नाच्या दृष्टीने पत्राचे मर्म त्या परिच्छेदातच आहे.

प्रथम प्रसंग ध्यानी घेतला पाहिजे. दार्ब्ले हा फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इंग्लंडमध्ये आश्रयास आलेला सेनाधिकारी. १७९३ मध्ये दोघांचा विवाह झाला. १८०२ मध्ये ती फ्रान्सला गेली आणि पुढील वर्षी युद्ध पुन्हा पेटल्यामुळे तिथेच अडकून पडली. १८१० च्या उन्हाळ्यात स्तनात वेदना सुरू झाल्या तेव्हा तिने त्या मनावर घेतल्या नाहीत. वैद्याला दाखवावे म्हणून आग्रह धरला तो पतीने, आणि स्वतःचा आग्रह पुरा पडेना तेव्हा त्याने स्नेही स्त्रीचे साहाय्य घेतले. पुढे नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे आणि सम्राज्ञीचा प्रसूतिवैद्य द्युब्वा यांच्यासारख्या तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेचा निर्णय दिला. येथून मात्र सूत्रे पत्नीच्या हाती गेली. चार तासांहून अधिक आधी सूचना मिळू नये, असे तिने ठरवून घेतले. सूचना येताच पतीच्या कचेरीतील वरिष्ठाला तिने चिठ्ठी पाठविली आणि काही तातडीचे काम काढून, सारे उरकेपर्यंत त्याला तिथेच गुंतवून ठेवण्याची विनंती केली. पट्ट्या आणि स्पंज मांडून ठेवलेल्या खोलीत तिने एकटीने वाट पाहिली. काळ्या वेषातील सात पुरुष आत आले. शस्त्रक्रिया वीस मिनिटे चालली. त्या घटकेला आपल्या बहिणींपैकी एकही जवळ नाही याची जाणीव तिला तीव्रतेने झाली, असे ती लिहिते.

पत्राचे लेखन यानंतर सहा महिन्यांनी, मार्च १८१२ मध्ये सुरू झाले आणि जूनमध्ये संपले. कित्येक महिने या विषयावर बोलणेही आपल्याला शक्य नव्हते, लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धाडसही होत नाही, असे ती सांगते. वर्णनाच्या ओघात, शस्त्रक्रियेनंतर पतीला आपल्यापाशी बोलाविले गेले इथवर ती येते आणि म्हणते की, त्या सकाळची त्याची हकीकत त्यानेच लिहावयास हवी. दार्ब्ले लेखणी घेतो आणि पहिल्याच वाक्यात नकार देतो. त्या सात तासांत जे सोसले ते कोणतीही भाषा सांगू शकणार नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. नंतर तो एक कबुली देतो : हे तपशील त्याला या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हते. एका छपराखाली नऊ महिने काढल्यावर पतीला पत्नीच्या यातनांचा वृत्तान्त कळतो, तोही मेहुणीसाठी लिहिलेल्या पत्रातून. दोघांमधील मौनाचे माप याहून नेमके कोणते असू शकेल?

त्याच्या पुढील वाक्यांत एक महत्त्वाचा भेद केलेला आहे. पत्नीने आपल्याला यातनांतील सहभागापासून वाचविले असे तो म्हणत नाही, कारण तसा सहभाग मुळातच अशक्य होता. तिने वाचविले ते साक्षीदार होण्यापासून. आपण ते दृश्य निभावून नेले असते असा दावा तो करीत नाही. उलट आपल्यामुळे प्रसंग अधिकच भयंकर झाला असता, असे तो मान्य करतो. परिच्छेदातील हा सर्वांत प्रामाणिक भाग होय.

मराठी वाचकाला या भेदाचे मोल विशेष जाणवावे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. रुग्णाशी बोलताना आप्तेष्ट ‘आपण’चा आधार घेतात, ‘आपल्याला आता ऑपरेशन करून घ्यायचे आहे’, ‘आपण यातून बाहेर पडू’. त्यात माया असते, परंतु एक सूक्ष्म अतिक्रमणही असते, कारण शस्त्र एकाच देहावर चालते. दार्ब्लेच्या परिच्छेदात दोघांना कवेत घेणारे असे सर्वनाम कुठेच नाही. जे दुःख आपले नव्हे त्यावर तो हक्क सांगत नाही.

मात्र याच परिच्छेदाचा दोषही सर्वनामांतच आहे. तो संबोधितो इंग्लंडमधील आप्तांना. पत्नी त्याच घरात असूनही या वाक्यांत ती तृतीयपुरुषी राहते. शिवाय कृतज्ञतेच्या भरात तो तिला जवळजवळ देवदूताच्या पदाला नेऊन बसवितो. पत्रातील स्त्री मात्र देवदूत नाही. ती किंचाळते, भिते, मदतीसाठी बहिणींकडे मनाने धाव घेते. शस्त्रवैद्यांच्या बाजूने तयार झालेल्या फ्रेंच टिपणातही उजव्या स्तनातील मुठीएवढी गाठ आणि रुग्णेचे मोठे धैर्य यांची नोंद आहे. शास्त्राने धैर्याचे प्रशस्तिपत्र दिले, पतीने देवत्व दिले. या दोहोंत तिची किंकाळी ऐकू येत नाही. ती सांगण्यासाठी तिला स्वतःलाच लिहावे लागले.

येथे ‘शुश्रूषा’ या शब्दाच्या व्युत्पत्तीकडे वळणे उपयुक्त ठरेल. मराठीत या शब्दाचा अर्थ रुग्णाची सेवा असा रूढ आहे. परंतु ‘श्रु’ धातूच्या या इच्छार्थक रूपाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. त्यातून आज्ञापालन आणि पुढे सेवा हे अर्थ विकसित झाले. औषध देणे, पथ्य सांभाळणे, रात्री जागणे ही सेवेची अंगे झाली. ऐकण्याची इच्छा हे तिचे मूळ. या कसोटीवर दार्ब्ले शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, तर नऊ महिन्यांनंतर ते पत्र वाचताना पत्नीची शुश्रूषा करतो. त्या तपशिलांनी आपण अर्धमेले झालो असे सांगूनही त्याने ते शेवटपर्यंत वाचले आणि आपली दुर्बलता त्याच कागदावर नोंदविली.

आज परिस्थिती पालटली आहे. शस्त्रक्रियेत भूल असते. रसायनोपचार, किरणोपचार आणि पुढे अनेकदा वर्षानुवर्षे घ्यावयाच्या गोळ्या यांमुळे एका सकाळचा प्रसंग दीर्घ सहवासाचा झाला आहे. जोडीदाराला आता कचेरीत अडकवून ठेवता येत नाही. तो वैद्यासमोरच्या दुसऱ्या खुर्चीवर बसलेला असतो. तरीही परस्परांना वाचविण्यासाठी पाळलेले मौन नाहीसे झालेले नाही. पत्नी भीती लपविते, कारण पती खचेल. पती प्रश्न टाळतो, कारण पत्नीला ते आठवेल. दोन्ही बाजूंनी प्रेमच असते, आणि म्हणूनच ते मौन मोडणे कठीण जाते.

फॅनी बर्नी या शस्त्रक्रियेनंतर अठ्ठावीस वर्षे जगली व १८४० मध्ये वारली. दार्ब्ले तिच्या बराच आधी, १८१८ मध्ये निवर्तला. ज्याला जपण्यासाठी तिने ती सकाळ एकटीने काढली, त्याच्यामागे तिला दोन दशकांहून अधिक काळ काढावा लागला. अशा स्थितीत पत्रातील तो परिच्छेद व्यत्यय ठरत नाही. एकीने सांगितले आणि दुसऱ्याने ऐकले, याची पोच म्हणून तो वाचला पाहिजे.