स्मशानांतील एक भाषण

मृताविषयीं वाईट बोलूं नये, हा आपल्या समाजाचा दंडक चांगला आहे; परंतु त्यानें आमच्या श्रद्धांजलिपर भाषणांचें फार नुकसान केलें आहे. वक्ता ‘अजातशत्रु’ हा शब्द उच्चारतो आणि ज्याचें निम्में आयुष्य झगडण्यांत गेलें तो कर्ता पुरुष श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत नाहींसा होतो. ‘भरून न येणारी पोकळी’ तर हल्लीं प्रत्येक तिरडीमागून चालते.

म्हणूनच फेब्रुवारी १९१५ मध्यें नामदार गोखल्यांच्या अंत्यविधीच्या वेळीं लोकमान्य टिळकांनीं पुण्यास केलेल्या भाषणाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. त्याची पूर्वपीठिका सुखाची नव्हती. डेक्कन एज्युकेशन सोसायटींत उभयतां एकत्र होते. १८९० सालीं टिळक तेथून बाहेर पडले. पुढें सार्वजनिक सभेवरून फाटलें, १९०७ सालीं सुरतेस काँग्रेसच दुभंगली, आणि राष्ट्रीय पक्षाच्या पुनःप्रवेशाचा वाद तर गोखले वारले त्या हिंवाळ्यांतही पेटलेला होता. अशा प्रतिपक्षीयानें चितेसमोर उभें राहून काय बोलावें?

भाषण अगदीं लहान आहे. हा प्रसंग अश्रू ढाळण्याचा, एवढें सांगून टिळक गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा, महाराष्ट्राचें रत्न व कार्यकर्त्यांचा राजा म्हणतात. पहिलीं दोन विशेषणें, खरें सांगावयाचें तर, कोणाही थोर मृताला बसतील. हिरा आणि रत्न यांत पुनरुक्तीही आहे. तिसरें मात्र गोखल्यांच्याच मापाचें. अंदाजपत्रकावर बोलण्यासाठीं आकड्यांचे ढीग उपसणारा, १९०५ सालीं भारत सेवक समाज स्थापून तरुणांस आजन्म देशसेवेस बांधून घेणारा असा हा माणूस. त्याचें काम दोन्ही पक्षांस निर्विवाद होतें. टिळकांनीं तेवढेंच उचललें. गोखल्यांचें राजकारण बरोबर होतें असें ते म्हणत नाहींत. मतभेद क्षुल्लक होते असेंही नाहीं. ज्या स्तुतीसाठीं वक्त्यानें आपलें कांहींच सोडलेलें नाहीं ती ऐकणारास खरी वाटते.

नंतर बोलणें जिवंतांकडे वळतें: याच्याकडे पाहा, याचा कित्ता गिरवा, याची जागा भरून काढण्याची खटपट करा. पोकळी येथेंही आहे. परंतु ती भरून येणार नाहीं असें सांगून श्रोत्यांस स्वस्थपणें घरीं जाण्याची मोकळीक दिलेली नाहीं.

यांत शोक कोठें आहे, असें कोणी विचारील. गोखले गेले तेव्हां अवघे ४८ वर्षांचे होते, टिळक त्यांच्याहून दहा वर्षांनीं वडील. हें टिळकांनीं बोलून दाखविलें नाहीं. जमलेल्या पुणेकरांना तें समोर दिसतच होतें.