मुलांची वही आणि आपली लाल शाई

आपल्याकडच्या साहित्यसंस्थांच्या वार्षिक कार्यक्रमात एक कलम हमखास असते : कुमारांसाठी निबंधस्पर्धा किंवा लेखनशिबिर. संमेलनातील भाषणांवर, नव्या कवितासंग्रहांवर आपण परीक्षणे लिहितो. मुलांच्या लेखनावर मात्र बक्षिसांच्या यादीपलीकडे कोणी दोन ओळी लिहीत नाही. एका विश्वस्त संस्थेच्या अशा उपक्रमाचा समन्वयक म्हणून गेली काही वर्षे डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील शाळांच्या वह्या माझ्या टेबलावर येतात. हे लेखन साहित्य म्हणून वाचावे आणि त्यातील दोषांचे मूळ कोठे आहे ते शोधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिला दोष कोणाच्याही नजरेत भरेल असा आहे. सगळे निबंध एका साच्यातून निघालेले असतात. शिरगावच्या मुलांना 'आमच्या गावची जत्रा' हा विषय दिला की सुरुवात होते ती भारत हा सणांचा देश आहे येथून. मग रोषणाई, दुकाने, मिठाई, आणि शेवटी ऐक्याचा संदेश. श्रीदेवी लईराईच्या होमकुंडातून निखाऱ्यांवरून चालत जाणारे धोंड ज्यांच्या घरातले आहेत, त्या मुलांच्या निबंधात विस्तवाची धग लागत नाही. ३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले. त्यानंतर आलेल्या वह्यांतही बहुतेक ठिकाणी जत्रा 'आनंदात व उत्साहात पार पडली' होती. मुले खोटे बोलत होती असे मी म्हणणार नाही. निबंधाचा शेवट असाच करायचा असतो, हे त्यांना शिकवलेले होते. डोळ्यांनी पाहिलेले आणि वहीत उतरवायचे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी ज्या मुलाची चौदाव्या वर्षी खात्री पटते, ते पुढे लेखक तर सोडाच, चांगला साक्षीदारही होणार नाही.

दुसरा दोष मुलांचा नाही, परीक्षकांचा आहे. एका मुलीने आपल्या घरामागच्या कुळागराविषयी लिहिले होते. परीक्षकांनी 'कुळागर' खोडून वर 'बाग' लिहिले, 'व्हाळ' खोडून 'ओढा' केला, 'बांय' खोडून 'विहीर' केली. ओढा आणि विहीर एक वेळ चालतील. पण कुळागर म्हणजे बाग नव्हे. डोंगराच्या कुशीत, पाटाच्या पाण्यावर, माडपोफळी, केळी आणि मिरवेली एकमेकांच्या सावलीत वाढवण्याची ती एक अख्खी रीत आहे. येथे दुरुस्तीने अचूक शब्द गेला आणि मोघम शब्द आला. दुसऱ्या एका वहीत 'धोंड' या शब्दाखाली लाल रेघ होती. कोशात धोंड म्हणजे मोठा दगड, हे त्या परीक्षकांना ठाऊक होते, शिरगाव ठाऊक नव्हते.

त्याच वर्षी एक वही वेगळी होती. लिहिणाऱ्या मुलाचे वडील धोंड. खनिजाच्या ट्रकवर चालक होते. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या तेव्हा या मुलाचा जन्मही झालेला नव्हता, पण घरात 'खण चालू होती तेव्हा' आणि 'खण बंद पडल्यावर' अशीच कालगणना चालते, असे त्याने लिहिले होते. खाणीच्या खड्ड्यात पाणी आणि बांयत नाही, याचे कोडेही त्यात होते. शिरगावच्या पाण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, पण तो इतक्या साधेपणाने मांडलेला मी अन्यत्र वाचलेला नाही. वहीला विषयांतर आणि अशुद्धलेखन यांसाठी गुण कमी पडले. बक्षीस अर्थातच नव्हते.

हे असे का होते? आपल्या परंपरेकडे पाहिले तर थोडा उलगडा होतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. त्या कष्टांपुढे आजही मान लवते. परंतु ते दैनिक मुख्यतः गुरुजी लिहीत आणि मुले वाचीत. १९५१ मध्ये सुरू झालेल्या साने गुरुजी कथामालेतही मोठ्यांनी सांगायचे आणि मुलांनी ऐकायचे, हाच मुख्य प्रघात. मुलांसाठी बोलण्याची आपली परंपरा श्रीमंत आहे. मुलांचे ऐकण्याची तितकी नाही.

ऐकण्याचा एक नमुना इटलीत सापडतो. बार्बियाना या डोंगरातील खेड्यात लोरेन्झो मिलानी नावाच्या पाद्र्याने शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा चालवली. तेथील आठ मुलांनी मिळून, परीक्षेत नापास करणाऱ्या एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तक लिहिले. ते १९६७ मध्ये निघाले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आले आहे. त्यातील राग आपण जाणतो, पण त्यातील लेखनाची पद्धत मला अधिक मोलाची वाटते. प्रत्येकाने सुचेल ते सुट्या कागदावर टिपायचे, एका कागदावर एकच मुद्दा. मग सगळे कागद टेबलावर मांडून सारखे वगळायचे, जवळचे एकत्र लावायचे. जड शब्द, फाजील विशेषणे, लांब वाक्ये छाटायची. शेवटी फारसे न शिकलेल्या माणसाला बोलावून वाचून दाखवायचे. त्याला कळले नाही तर दोष लेखनाचा. या पद्धतीतही छाटणी आहे, किंबहुना आपल्यापेक्षा कठोर आहे. फरक इतकाच की तेथे छाटला जातो तो पोकळ शब्द. आपण छाटतो तो गावचा शब्द.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आपली मुले घरी कोंकणी बोलतात आणि मराठीत लिहितात. त्यांना प्रमाण मराठी नीट आली नाही तर दहावीत आणि पुढे त्यांचेच नुकसान होईल. मुख्याध्यापक या नात्याने मी ऱ्हस्वदीर्घाला कमी लेखू शकत नाही. परंतु शुद्धलेखन ही छापण्यापूर्वीच्या शेवटच्या मुद्रितातली गोष्ट आहे, पहिल्या वाचनातली नव्हे. आधी सांगणे, मग सजवणे. शिवाय दोन भाषांच्या सीमेवर वाढणे हे आपण व्यंग समजतो. वस्तुतः एका वस्तूला दोन नावे ठाऊक असलेल्या मुलाला शब्द निवडण्याची सवय लवकर लागते, आणि लेखन म्हणजे दुसरे काय आहे?

तेव्हा संस्थांपुढे तीन सूचना ठेवतो. पहिला खर्डा गुण न देता परत करावा. समासात दुरुस्तीऐवजी प्रश्न लिहावा : तू तेथे काय पाहिलेस, कोण काय म्हणाले, पुढे काय झाले? खर्डा लिहिणाऱ्याने तो गावातल्या एखाद्या आजीला वाचून दाखवावा आणि तिचे म्हणणे ऐकून पुन्हा लिहावा. आणि चषकांवरचा पैसा मुलांच्या लेखनाच्या छोट्या पुस्तिकेवर खर्च करावा. स्थानिक शब्द तसेच ठेवून खाली अर्थ द्यावा. समन्वयकाचे काम वह्या गोळा करून परीक्षकांकडे पोचवणे एवढेच नाही. त्या वहीचा पहिला खरा वाचक होणे हे त्याचे काम आहे.

सीमेवरच्या जिल्ह्यांत मराठी टिकेल की नाही, याची चिंता आपण दर दिवाळी अंकात वाहतो. शिरगावच्या मुलाला आपल्या आटलेल्या बांयविषयी मराठीत मोकळेपणाने लिहिता आले, तर ती टिकेल. त्याला केवळ सणांच्या देशाविषयीच लिहिता येत असेल, तर तिने टिकून तरी काय उपयोग?