झाडाला नाव हवं

मराठीत लहान मुलांसाठी पर्यावरणाचं पुस्तक काढायचं ठरलं, की पहिल्याच पानावर पृथ्वीला डोळे फुटतात आणि लगेच भरूनही येतात. कपाळावर पट्टी, तोंडात थर्मामीटर. शेजारी एक झाड असतं, म्हणजे तपकिरी खोड आणि त्यावर हिरवा ढग. ते आंब्याचं की करंजाचं, हे चित्रकाराला ठाऊक नसतं आणि त्याला कोणी विचारतही नाही. शेवटच्या पानावर मुलं रोप लावतात, टाळ्या वाजतात, पुस्तक संपतं. हेतू चांगला आहे, तो असणारच. पण ज्याची ओळखच करून दिलेली नाही त्याची काळजी घे, असं पाच वर्षांच्या पोराला सांगण्यात काय अर्थ आहे? अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी १९९६मध्येच बजावलं होतं, की नऊ-दहा वर्षांच्या आतल्या मुलांना विनाशाच्या कहाण्या सांगू नका, आधी त्यांची परसदाराशी मैत्री होऊ द्या. आपली पुस्तकं परसदार ओलांडून थेट वितळत्या हिमनगावर जातात.

चित्रपुस्तकातून विज्ञान पोचतं का, याबद्दल शंका नको. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया गानेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११च्या अभ्यासात चार वर्षांच्या मुलांनी प्राण्यांचा रंग परिसरात मिसळून जाण्याची कल्पना पुस्तकातून उचलली आणि खऱ्या प्राण्यांनाही लावून दाखवली. २०१४चा त्यांचा दुसरा अभ्यास मात्र आपल्या लेखकांनी टेबलावर चिकटवून ठेवावा. त्यात प्राण्यांना माणसासारखं बोलायला-वागायला लावणारा मजकूर ऐकलेल्या मुलांना त्या प्राण्यांची खरी माहिती कमी कळली आणि प्राण्यांना माणसासारख्या भावना असतात, असं ती जास्त मानू लागली. पंचतंत्रातल्या कोल्ह्यानं खुशाल बोलावं, तो नीतीच शिकवायला आला आहे. गांडुळाची माहिती द्यायला निघालेल्या पुस्तकात गांडुळाला टोपी आणि चष्मा कशाला?

जगभर नावाजलेली पुस्तकंही या बाबतीत निर्दोष नाहीत. एरिक कार्ल यांचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ १९६९चं. पानांना पाडलेली भोकं आणि कागद कापून चिकटवलेली चित्रं यांच्यामुळे ते आजही ताजं वाटतं. पण त्यातली अळी सफरचंदापासून केकपर्यंत सगळं फस्त करते आणि शेवटी फुलपाखरू बाहेर येतं ते पतंगाच्या अळ्या विणतात तसल्या रेशमी कोषातून. गोष्ट म्हणून ते मला आवडतं, विज्ञान म्हणून नाही. कारण अळीच्या आयुष्यातली खरी गंमत ती काय खात नाही यातच आहे. कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची मादी कढीपत्त्यावर किंवा लिंबावर अंडी घालते. अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवीगार होते आणि डिवचलं की डोक्यामागून लाल, दुर्गंधी शिंग बाहेर काढते. प्लेन टायगरला रुई लागते, रेड पिएरोला पानफुटी. झाड गेलं की फुलपाखरू गेलं, हे एवढ्या चार चित्रांत पाच वर्षांच्या मुलाला कळतं. त्यासाठी रडकी पृथ्वी लागत नाही. ब्लू मॉरमॉन २०१५मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, निदान त्याला तरी ओळखीच्या झाडावर बसवा.

कार्ल यांची अळी आली त्याच १९६९मध्ये जपानच्या फुकुइनकान शोतेन या प्रकाशनानं ‘कागाकु नो तोमो’ हे मुलांसाठी विज्ञानाचं मासिक सुरू केलं. एक अंक म्हणजे एका विषयावरचं अख्खं चित्रपुस्तक. त्याआधी १९६२मध्ये काको सातोशी यांचं नदीवरचं पुस्तक याच प्रकाशनानं काढलं होतं. डोंगरातून निघालेली नदी पानोपानी वाहत समुद्राला मिळते, काठावरचे लोक, शेतं, गावं बदलत जातात. काको पेशानं रसायनक्षेत्रातले संशोधक होते, ते त्या रेषांत दिसतं. आपल्याकडे भीमा काय कमी आहे? भीमाशंकर, उजनीचं धरण, पंढरपूरचं वाळवंट आणि पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळणं. अशा पुस्तकाला शेवटी ‘नदी स्वच्छ ठेवा’ असं लिहावं लागणार नाही.

भारतीय पुस्तकांत मला राजीव आइप यांचं ‘अम्माचीज अमेझिंग मशीन्स’ सर्वांत पुढचं वाटतं. आजी आणि नातू नारळाची बर्फी करायला निघतात आणि तरफ, कप्पी यांसारखी साधी यंत्रं कामाला येतात. व्याख्या पाठ करून घेतलेली नाही, पण ‘हे असं का झालं?’ हा प्रश्न चित्रच विचारतं. मराठीत हे भान माधुरी पुरंदरे यांच्याकडे आहे. ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ ही विज्ञानाची पुस्तकं नव्हेत. पण घरातली वस्तू, माणसाची बसण्याची ढब त्या पाहून काढतात आणि मुलाला पाहायला लावतात. निरीक्षणाचा पहिला धडा हाच. अरविंद गुप्तांनी प्रयोगांची खेळणी मराठी मुलांच्या हाती दिली, पण तो जरा मोठ्या वयाचा खाऊ.

बाकी चित्र मिश्र आहे. प्रथम बुक्स या प्रकाशनानं २०१५मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केल्यापासून फुकट, मुक्त परवान्याची पुस्तकं मराठीत भरपूर आली. तुलिकासारख्या प्रकाशनांची द्विभाषिक पुस्तकंही मिळतात. यांतली बहुतेक अनुवादित आणि अनुवाद अनेकदा शासकीय परिपत्रकासारखा. ‘तो वृक्षाकडे पाहून आनंदित झाला’ असं कुठलं चार वर्षांचं मूल बोलतं? रंगीत छपाई महाग, आवृत्ती लहान, त्यामुळे काटछाट होते ती चित्रकाराच्या मानधनात. आठवडाभरात चोवीस पानं मागितली, की चित्रकार कढीपत्ता बघायला कुंडीकडे जात नाही, इंटरनेटवर जातो आणि तिथून पाइनचं झाड घेऊन येतो.

म्हणून प्रकाशकांना एक मागणं. मुलांच्या विज्ञान-पुस्तकाची चित्रं छपाईआधी एखाद्या वनस्पती किंवा कीटक अभ्यासकाला दाखवा आणि लेखक-चित्रकारांच्या जोडीनं त्याचंही नाव छापा. आणि पालकांनो, दुकानात पुस्तक उघडल्यावर आधी बघा, त्यातलं झाड कोणतं ते ओळखता येतंय का. येत नसेल तर ते तिथंच ठेवा.