सुताराची हत्यारे आणि भाषेचे लाकूड

१९९८ साली अमेरिकेतील लॉस अ‍ॅलमॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत ग्रेग विल्सन व ब्रेंट गोर्डा यांनी शास्त्रज्ञांना संगणकीय कामाची शिस्त लावण्यासाठी ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ हा शिक्षणक्रम सुरू केला. पुढे त्याला दोन दिवसांच्या कार्यशाळेचे रूप आले. २०१८ साली ‘डेटा कार्पेंट्री’शी त्याचे एकीकरण झाले. सुतारकाम हे नाव समर्पक आहे. येथे सिद्धान्त नव्हे, हत्यार धरण्याची रीत शिकवावयाची आहे.

या शिक्षणक्रमाचे गुण निःसंशय मोठे आहेत. शिक्षक विद्यार्थ्यांसमक्ष आज्ञावली लिहितो, तेव्हा त्याच्या चुका व त्यांची दुरुस्तीही त्यांना दिसते. पायथॉनच्या पाठातील सांधेदाहाच्या रुग्णांचे आकडे संशयास्पद आहेत, हे विद्यार्थ्यानेच आलेख काढून ओळखावे अशी योजना आहे. सामग्रीवर अंधविश्वास ठेवू नये, हा धडा याहून चांगला क्वचितच देता येईल.

परंतु हा संशय आकड्यांपुरता मर्यादित राहतो; तक्ता आयताच मिळतो. भाषाभ्यासकाची अडचण तक्त्याच्या अलीकडची आहे. ‘दऱ्या’ हा साधा शब्द घ्यावा. त्यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. तिसऱ्या रीतीत ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह येते. डोळ्यांना तिन्ही रूपे एकच; संगणकाला मात्र तीन शब्द. प्रमाणीकरणाच्या ठरीव प्रक्रियेने पहिली दोन एकरूप होतात, तिसरे वेगळेच राहते. परिणामी शब्दांच्या वारंवारितेची गणना चुकते आणि आज्ञावली निर्दोष असूनही निष्कर्ष सदोष ठरतो.

तिसरे रूप पहिल्यात मिळवावयाचे की नाही, हा निर्णय हत्यार घेऊ शकत नाही. तो अभ्यासकाने घ्यावयाचा, मूळ प्रत अबाधित ठेवावयाची आणि केलेला प्रत्येक बदल कारणासह नोंदवावयाचा. ही सवय दोन दिवसांत अंगवळणी पडणारी नव्हे. म्हणून मराठी विभागांनी हा शिक्षणक्रम जसाच्या तसा उचलण्यात फारसा अर्थ नाही. त्याची अध्यापनरीती घ्यावी, पण अभ्यासासाठी सामग्री स्वतःची, गाठींसकट, ठेवावी. प्रबंधासोबत मूळ सामग्री, आज्ञावली व बदलांची नोंद परीक्षकापुढे ठेवणे आवश्यक मानल्यावाचून हे शिक्षण प्रमाणपत्रापलीकडे जाणार नाही.