शिवलेली परंपरा

कापड जितकं कमी तितकी फॅशन धाडसी, असं आपण समजतो. आमच्या रत्नागिरीत आज्या भातलावणीला नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरत. कुणी भुवई उचलली नाही. नातीनं कासोटा सोडून पाचवारी गोल पातळ नेसलं मात्र, घराची अब्रू धोक्यात आली! झाकलं जास्त आणि बोंबही जास्त.

१९६८ साली ‘ब्रह्मचारी’त मुमताज नारिंगी साडीत नाचली. साडी बेतली होती कोल्हापूरच्या भानू अथैयांनी. अंगाबरोबर शिवलेली, वर चेन. नाचताना निऱ्या सुटू नयेत, हा साधा हिशेब. सोवळ्या डोळ्यांना तिथं फक्त अंग दिसलं. मी म्हणतो, बघण्यासारखी होती ती शिवण. याच बाईंना पुढं ‘गांधी’च्या पोशाखांसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. खादी असो की नारिंगी साडी, अंगावरचं कापड माणसाला कसं चालवतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आता रामआळीत जा, शिवलेली नऊवारी मिळते. पाडव्याच्या शोभायात्रेत ती नथ-गॉगलसकट निघाली की परंपरा म्हणून टाळ्या! कमरेशी बघाल तर हूक नाहीतर चेन. म्हणजे मुमताजचीच साडी, फक्त मागं कासोटा.

सोय झाली, हे खरंच. पण नऊवारी नेसवताना आजी नातीला जवळ ओढून ‘पोट आत घे गो’ म्हणायची. चेन ओढायला आजी लागत नाही.